कॅमो रंगवताना: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या फौजा मांडून खेळायच्या लढाईच्या खेळासाठी, रंगवलेल्या छोट्या रणगाड्यांचे आणि सैनिकांचे फोटो छापले होते, त्यानंतर कॅमोफ्लाजवर (कॅमो, म्हणजे लपण्यासाठी मारलेले रंगांचे पट्टे-डाग) इतके प्रश्न आलेत की या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय. सारखेच असलेले प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत. खाली १५ मिमी, २८ मिमी असं येईल ते स्केल, म्हणजे त्यातला उभा सैनिक साधारण तेवढ्या उंचीचा.

प्रश्न (पुणे): दादा, माझ्याकडे १५ मिमीचे पाच जर्मन पँथर रणगाडे आहेत, १९४४ चं नॉर्मंडी करायचंय. पण रेफरन्स बघायला बसलो की प्रत्येक फोटोत पॅटर्न वेगळा. कुणी बारीक रेघा मारलेत, कुणी मोठे डाग, कुणाचा हिरवा जास्त तर कुणाचा तपकिरी. यातला बरोबर कुठला? चुकीचा रंगवला तर क्लबमधले लोक बोलतात.

बरोबर असा एकच पॅटर्न नाहीये आणि त्याला कारण आहे, ते कळलं की अर्धं टेन्शन जाईल. १८ फेब्रुवारी १९४३ ला जर्मन सैन्यात ऑर्डर निघाली की आता गाड्या गडद पिवळ्या रंगात, म्हणजे डुंकेलगेल्बमध्ये बाहेर पडणार. त्याआधी युरोपातल्या गाड्या गडद करड्या असायच्या. आणि कॅमोसाठीचे बाकीचे दोन रंग, ऑलिव्ह हिरवा आणि लालसर तपकिरी, हे पेस्टच्या रूपात डब्यातून युनिटला मिळायचे, ती पेस्ट पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये कालवायची आणि गाडीवर मारायची. मारणार कोण, तर गाडीचा क्रू किंवा वर्कशॉपवाले. स्प्रे गन मिळाली तर स्प्रे, नाही मिळाली तर ब्रश, तोही नसेल तर चिंध्या. पेस्ट किती पातळ केली त्यावर छटा बदलायची, पाण्यात कालवलेली असेल तर पावसात उतरायची सुद्धा. म्हणजे एकाच कंपनीतल्या दोन गाड्या सारख्या दिसल्या पाहिजेत असं काही नव्हतं, तुम्ही फोटोत बघताय ते सगळेच पॅटर्न बरोबर असू शकतात.

पण म्हणून काहीही चालतं असंही नाही हं. तारखा पाळाव्या लागतात. पँथर लढाईत पहिल्यांदा उतरला जुलै १९४३ मध्ये, कुर्स्कला, म्हणजे त्या ऑर्डरनंतर, त्यामुळे पूर्ण करडा पँथर टेबलावर आणू नका. आणि ते ठिपकेवालं अँबुश कॅमो, ज्यात प्रत्येक डागात दुसऱ्या रंगाचे बारीक ठिपके असतात (पानांमधून झिरपणारं ऊन वाटावं म्हणून), ते ऑगस्ट १९४४ पासून फॅक्टरीतच मारायला लागले, तेव्हा नॉर्मंडीची मोहीम संपत आलेली होती. तुमच्या जून-जुलैच्या पँथरवर ते नको. ते हिवाळ्यातल्या आर्डेनच्या लढाईसाठी ठेवा.

आता पाच गाड्या एकत्र कशा दिसतील ते बघू, कारण वॉरगेमिंगमध्ये एकटी गाडी क्वचितच असते. माझं म्हणणं असं की एका प्लॅटूनला एकाच वर्कशॉपने रंगवलंय असं समजायचं. एक पद्धत ठरवा, समजा तिरके जाड पट्टे, सगळ्या पाचही गाड्यांवर तीच पद्धत, पण पट्ट्यांची जागा मात्र प्रत्येक गाडीवर वेगळी. एका गाडीवर हिरवा थोडा जास्त पडू द्या. असं केलं की लांबून ती एक तुकडी दिसते आणि जवळून प्रत्येक गाडी वेगळी दिसते.

रंग म्हणाल तर व्हॅलेहो कंपनीचे डार्क येलो (९७८), रिफ्लेक्टिव्ह ग्रीन (८९०) आणि चॉकलेट ब्राऊन (८७२) हे तीन वर्षानुवर्षं लोक वापरतायत, तामियामध्ये एक्सएफ ६०, ६१ आणि ६४. पण १५ मिमीवर हे रंग बाटलीतून काढून थेट लावले की गाडी काळपट दिसते. छोट्या वस्तूवर तोच रंग जास्त गडद वाटतो, त्यामुळे तिन्ही रंगांत थोडा थोडा हस्तिदंती किंवा बफ (फिक्कट पिवळट तपकिरी) मिसळा, पिवळ्यात जरा जास्तच. नंतर वरून तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग, जाणार आहे आणि वॉशने सगळं अजून एक पायरी खाली उतरतं हे आधीच धरून चालायचं.

एअरब्रश नसेल तर ब्रशने पट्टे मारताना रंग दुधाइतका पातळ करा, ब्रश टिश्यूवर एकदा टेकवा आणि पट्ट्याची फक्त बाहेरची रेघ आधी काढा, मग आतला भाग भरा. दोन पातळ हात द्या, एक जाड नको. मग पिवळ्यात किंचित हिरवा मिसळून जी मधली छटा होते ती पट्ट्याच्या कडेने तुटक तुटक लावली की कडा मऊ दिसतात, स्प्रे मारल्याचा भास होतो. ही एवढी एक गोष्ट केली तरी फरक पडतो, करून बघाच.

प्रश्न (ठाणे): कॅमो इतका छान जमला की टेबलावर हिरव्या मॅटवर ठेवल्यावर गाडी दिसतच नाही! समोरचा विचारतो तुझा टँक कुठेय. कॅमो लपण्यासाठी असतो हे मान्य पण मेहनत दिसायला नको का?

दिसायलाच हवी, आणि मला वाटतं हा या सगळ्या प्रश्नांतला सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे. खऱ्या गाडीचा कॅमो शेकडो मीटरवरून बाह्यरेषा मोडण्यासाठी असतो. आपली गाडी बघणारा माणूस टेबलाच्या कडेला उभा आहे, साधारण हातभर-दोन हात अंतरावर, आणि त्याला एका नजरेत कळायला पाहिजे की हा पँथर आहे, त्याच्यावर तीन रंगांचा कॅमो आहे, तोंड या बाजूला आहे. खेळात हे कामाचंच आहे, तोंड कुठे आणि बाजू कुठली यावरून चिलखत मोजतो आपण.

म्हणून कॅमो झाला की काम संपलं असं धरू नका. कॅमो गाडीचा आकार मोडतो, तो आकार आपल्याला परत उभा करायचा असतो. पॅनेलच्या खाचांत गडद तपकिरी वॉश, पूर्ण गाडीवर ओतायचा नाही, टोकदार ब्रशने फक्त खाचेत सोडायचा. वरच्या बाजूला असलेल्या सपाट भागांवर, म्हणजे टरेटचं (तोफेच्या फिरत्या घुमटाचं) छप्पर, इंजिन डेक, इथे तिन्ही रंगांवरून फिक्कट बफचा अगदी हलका ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश वरवर घासायचा. आणि कडांना, हॅचच्या कडा, फेंडरची कड, तिथे बेसकोटपेक्षा दोन पायऱ्या फिक्कट रेघ. काही जण म्हणतील हे खऱ्या गाडीवर नसतं. नसतंच. पण सात-आठ सेंटीमीटरच्या गाडीवर पुरेशी सावली पडत नाही, ती आपल्यालाच रंगवावी लागते.

दुसरं म्हणजे रंगांमधला फरक वाढवा. दोन कॅमो रंग एकमेकांच्या फार जवळचे असतील तर लांबून त्यांचा मिळून एकच मातकट रंग दिसतो. डोळे किलकिले करून बघा, पट्टे ओळखू येत नसतील तर एक रंग फिक्कट करायलाच पाहिजे. आणि डागांचा आकार गाडीच्या मानाने ठेवा, १५ मिमीवर मोठे आणि कमी, ६ मिमीवर तर दोन-तीन पट्टेच पुरे.

बेसही बघा. गवताचा रंग मॅटसारखाच असेल तर त्यात थोडी वाळकी पिवळी गवतं, थोडी माती दाखवा, चाकांखाली फिक्कट धूळ दाखवा, गाडी उठून दिसेल.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): ४ थ्या इंडियन डिव्हिजनची फौज करतोय, डिसेंबर १९४०, वाळवंट. सोबतीला तीन मॅटिल्डा (ब्रिटिश रणगाडे) हव्यात २८ मिमीमध्ये. त्यांच्यावरचा तो सरळ रेषांचा कॅमो, त्यात निळा रंग असतो की करडा? किटच्या डब्यावर आकाशी निळा आहे. आणि आपल्या जवानांच्या रंगाबद्दलही सांगा.

वा, फार छान विषय घेतलाय, आणि आपल्याकडे यावर फार कमी लोक फौज करतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रसंग. ९ डिसेंबर १९४० ला ऑपरेशन कंपास सुरू झालं, इजिप्तमध्ये सिदी बर्रानीच्या बाजूला इटालियन सैन्याने छावण्या टाकल्या होत्या, त्यातल्या निबेइवा छावणीवर पहाटे ७ व्या रॉयल टँक रेजिमेंटच्या मॅटिल्डा आणि ४ थ्या इंडियन डिव्हिजनची ११ वी ब्रिगेड एकत्र गेली. पुढे कॅमेरन हायलँडर्स आणि राजपुताना रायफल्सची पहिली बटालियन. इटालियन तोफांचे गोळे मॅटिल्डाच्या चिलखतावरून उडून जात होते. म्हणजे तुमच्या टेबलावर मॅटिल्डा आणि भारतीय इन्फन्ट्री शेजारी शेजारी असणं हे अगदी इतिहासाला धरून आहे.

तो कॅमो म्हणजे काँटर स्कीम, ब्रिगेडियर काँटरच्या नावावरून. १९४० च्या उन्हाळ्यात आली, १९४१ च्या अखेरीस बंद झाली. तीन रंग: लाइट स्टोन, सिल्व्हर ग्रे आणि स्लेट. ब्रिटिश स्टँडर्ड ३८१ च्या रंगपत्रकात यांचे नंबर अनुक्रमे ६१, २८ आणि ३४. आणि यातला २८ नंबरचा सिल्व्हर ग्रे हा निळा नाही, हिरवट झाक असलेला फिक्कट करडा आहे. निळा कुठून आला, तर नंतर म्युझियममध्ये रंगवलेल्या काही गाड्यांवर तो निळसर दिला गेला, तेच बघून किटवाल्यांनी डबे छापले आणि तेच बघून आपण सगळ्यांनी गाड्या रंगवल्या. जुन्या काळात रंगवलेली निळी मॅटिल्डा कुणाकडे असेल तर ती पुसून टाका असं मी अजिबात म्हणणार नाही, पण नवीन करताय तर करडाच करा. व्हॅलेहोचा ग्रीन ग्रे (८८६) यासाठी चांगला बसतो, त्यात थोडा पांढरा. लाइट स्टोन म्हणजे पिवळसर वाळूचा रंग. स्लेट हा गडद हिरवट करडा, तो काळा होऊ देऊ नका, वाळवंटातल्या उन्हात तो काही महिन्यांत विटायचा.

काँटरची गंमत अशी की यात क्रूने मनाला येईल तसं मारायचं नव्हतं, गाडीच्या प्रकाराप्रमाणे ड्रॉइंग ठरलेलं होतं, तीनही मॅटिल्डांवर रेषा जवळपास त्याच जागी यायला हव्यात. म्हणजे वर पुण्याच्या वाचकाला जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट. त्यामुळे पहिल्या गाडीवर पेन्सिलने हलक्या रेषा आखा, चारही बाजूंचे फोटो काढा आणि ते समोर ठेवून बाकीच्या दोन करा.

मास्किंग टेप वापरणार असाल तर ती आधी नखाएवढ्या रुंदीच्या पट्ट्यांत कापा, हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून तिचा गोंद थोडा कमी करा म्हणजे खालचा रंग उखडत नाही. टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी खालचाच रंग, म्हणजे लाइट स्टोन, एक पातळ हात मारा. जी फट असेल ती त्याच रंगाने भरते आणि वरचा करडा आत शिरत नाही, टेप काढली की कड सुरीने कापल्यासारखी येते. क्रम फिक्क्याकडून गडदकडे. मॅटिल्डाच्या साइड स्कर्टवर चिखलाच्या घसरण्या आहेत तिथे टेप नीट बसत नाही, तिथे हातानेच ओढा, बारीक ब्रश, श्वास रोखून, एका दमात.

आता जवान. वाळवंटातला डिसेंबर थंड असतो, त्यामुळे नुसती खाकी ड्रिलची (जाड सुती कापडाची) शर्ट-चड्डी रंगवू नका, काही फिगर्सवर लोकरी स्वेटर किंवा ग्रेटकोट दाखवा. वेबिंग म्हणजे पट्टे आणि पाउच फिक्कट, कपड्यापेक्षा एक छटा वेगळे, नाहीतर सगळा जवान एकाच रंगाचा गोळा दिसतो. ४ थ्या डिव्हिजनची खूण लाल गरुड, ती २८ मिमीवर गाडीच्या मडगार्डवर सहज काढता येते.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, कातडीचा रंग बाजारातल्या फ्लेश टोनने करू नका. तो युरोपियन चेहऱ्यासाठी केलेला गुलाबी रंग असतो आणि त्यावर तपकिरी वॉश मारून भारतीय चेहरा होत नाही, आजारी दिसतो. मध्यम तपकिरीने सुरुवात करा, त्यात थोडा लालसर विटकरी आणि थोडा पिवळसर ओकर मिसळून वरचे भाग उजळवा, गालाचं हाड, नाकाचा शेंडा, हनुवटी, मुठीची बोटं. पांढरा मिसळून उजळवू नका, राखाडी पडतं. आणि सगळ्यांना एकच छटा देऊ नका, आपल्या एका सेक्शनमध्ये सुद्धा चार वेगळे रंग असतातच की.

प्रश्न (सातारा): आजोबांचे काका मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीत लढले. त्यांच्या आठवणीसाठी २८ मिमीची एक प्लॅटून करतोय. त्यांचा कॅमो ड्रेस कसा होता?

कॅमोचा छापील ड्रेस त्यांच्याकडे नव्हता. ब्रिटिशांचा तो रंगीत ब्रशचे फटकारे मारल्यासारखा दिसणारा डेनिसन स्मॉक पॅराट्रूपर्ससाठी होता, तो मराठ्यांवर रंगवू नका. उन्हाळ्यात खाकी ड्रिल, थंडीत लोकरी तपकिरी बॅटलड्रेस. पण कॅमो पूर्णच नाही असंही नाही, तो हेल्मेटवर येतो. हेल्मेटवर जाळी, जाळीत अडकवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, हिरव्या, तपकिरी, काही न रंगवलेल्या. तुमचा सगळा कॅमो तिथे ओता. पट्ट्या आधी गडद तपकिरीने भरा, मग एक सोडून एक पट्टी हिरवी करा, सगळ्यांच्या टोकांना फिक्कट बदामी. एका हेल्मेटला थोडा वेळ जातो पण खेळताना आपण वरूनच बघतो, डोकं आणि खांदे हेच सर्वात जास्त दिसतात.

काकांची बटालियन कोणती ते घरच्यांकडून, जुन्या कागदांतून, मेडलच्या कडेवर कोरलेल्या नावातून नंबर मिळत असेल तर त्यावरून काढा, कारण त्यावर तारखा आणि ऋतू ठरतील. तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात एकट्याने शत्रूचं मशीनगनचं ठाणं जिंकलं, तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पहिल्या बटालियनच्या नामदेव जाधव यांना तोच क्रॉस सेनियो नदीवरच्या ९ एप्रिल १९४५ च्या हल्ल्यासाठी. एक भर उन्हाळा, एक वसंतातली ओली नदीकाठची लढाई, पाणी, चिखल, कमरेपर्यंत भिजलेले कपडे. दोन्हींची प्लॅटून सारखी रंगवता येणार नाही. सेनियोसाठी पँटचा खालचा भाग ओला दाखवायला मूळ रंगातच थोडा गडद तपकिरी मिसळून गुडघ्याच्या वरपर्यंत न्या आणि तेवढ्याच भागावर सॅटिन व्हार्निश, ओल दिसते.

सोबत रणगाडे देणार असाल तर १९४३ मध्ये सिसिली-इटलीच्या बाजूला ब्रिटिश गाड्यांवर फिक्कट मातकट रंगावर काळे मोठे डाग असायचे, शेवटी शेवटी साधा ऑलिव्ह जास्त. फौज पूर्ण झाली की फोटो पाठवा, आम्हाला छापायला आवडेल.

प्रश्न (चिपळूण): जुलैमध्ये बारा फिगर्स पूर्ण केले, पी डॉट (ठिपक्यांचा जर्मन) कॅमो, महिनाभराचं काम. शेवटी मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला आणि सगळ्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखं झालं. रडायला आलं. काही होऊ शकतं का?

ताई, होऊ शकतं, फेकू नका. आधी का झालं ते. स्प्रेमधलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेत दमटपणा जास्त असेल तर त्या गार पृष्ठभागावर पाणी धरतं, ते व्हार्निशच्या थरात अडकतं. जुलैत कोकणात हवा कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. दुसरं कारण कॅन नीट न हलवणं, मॅट करणारी पावडर तळाशी बसलेली असते आणि ती गोळा होऊन बाहेर येते.

उपाय: एका फिगरवर आधी करून बघा, सगळ्यांवर एकदम नको. पाण्यात मिसळणारं ग्लॉस व्हार्निश ब्रशने पातळ लावा. बऱ्याचदा ग्लॉस त्या खडबडीत पांढऱ्या थरात शिरतो आणि खालचे रंग परत दिसायला लागतात. पूर्ण दिवस वाळू द्या, पावसाळ्यात दोन दिवस. मग ब्रशनेच मॅट व्हार्निश, तेही पाण्यातलं. थोडं पांढरं खाचांत उरलं तर तिथे पातळ तपकिरी वॉश सोडा. आणि पुढे जूनपासून सप्टेंबरपर्यंत स्प्रे कॅनला हातच लावू नका, सगळं ब्रशने.

प्रश्न (नागपूर): वरच्यासारखाच पी डॉट. २८ मिमीवर पाच रंगांचे ठिपके काढता काढता डोळे गेले, आणि शेवटी सगळं खिचडी दिसतंय. काही सोपी पद्धत?

जर्मन एसएसचा (नाझी पक्षाच्या सैन्याचा) हा १९४४ चा पॅटर्न, पाच रंग, लांबून बघितला तर सगळा मिळून हिरवट तपकिरी वाटतो. तुमची खिचडी होते कारण तुम्ही पाचही रंग सारख्या प्रमाणात देताय. प्रमाण पाळा. तपकिरी बेस. त्यावर काळपट मोठे डाग, एका बाहीवर दोन-तीन, एकमेकांना न चिकटणारे. मग गडद हिरवे ठिपके, काळ्या डागांच्या कडेला आणि मधे मधे, गुच्छ करून. फिक्कट हिरवे त्यातल्या निम्म्या जागांवर. शेवटी फिक्कट बदामी ठिपके आणि ते फक्त काळ्या डागांवर आणि त्यांच्या अगदी कडेला, कमीत कमी. थोडा तपकिरी बेस उघडा राहिलाच पाहिजे, तिथे डोळ्याला विसावा मिळतो.

ठिपका काढायला फार बारीक ब्रश घेऊ नका, तिथेच लोक फसतात, बारीक ब्रशवरचा रंग टेकवायच्या आधीच वाळतो. एक किंवा दोन नंबरचा ब्रश, टोक चांगलं असलेला, रंग थोडा जाडसर, आणि टोक फक्त टेकवून उचला, ओढू नका. सगळ्या फिगर्सवर एक रंग संपवा, मग दुसरा. घड्या आणि शिलाईच्या रेघा सगळ्यात शेवटी गडद तपकिरीने परत ओढा, नाहीतर हात कुठे संपला आणि छाती कुठे सुरू झाली ते कळत नाही. कपड्यांना ड्रायब्रश अजिबात नाही, ठिपके पुसट होतात. आणि हातमोजे, बूट, वेबिंग साधे ठेवा, त्यांच्यामुळे कॅमो उठतो. दिवसा खिडकीपाशी बसा, रात्री एक पांढरा एलईडी दिवा डाव्या बाजूने.

प्रश्न (नाशिक, इयत्ता नववी): माझ्याकडे एअरब्रश नाही आणि मॉडेलचे रंग महाग आहेत. कॅमलिनचे अ‍ॅक्रिलिक चालतील का? पोस्टर कलर?

मित्रा, चालतील, फक्त कुठे काय ते बघ. कॅमलिनचे अ‍ॅक्रिलिक बेस, जमीन, झाडं, घरं यांच्यासाठी मस्त आहेत. गाडीवर वापरताना जाड लागतात आणि थोडे चमकतात, तर पातळ करून तीन हात दे आणि वरून मॅट व्हार्निश. चेहरा, हात, कॅमो यांना मॉडेलचेच रंग घे, पण सगळा सेट नको. गडद पिवळा, ऑलिव्ह हिरवा, चॉकलेट तपकिरी, काळा, हस्तिदंती आणि एक तपकिरी वॉश एवढ्यात जर्मन, ब्रिटिश, रशियन तिघांच्याही गाड्या होतात, हस्तिदंती मिसळून छटा तूच बनवायच्या. वाळूसाठी चाळलेली नदीची रेती आणि फेविकॉल. गाडीच्या सामानाच्या दुकानातला स्प्रे प्रायमर प्लास्टिकवर जवळून आणि ओला मारला तर प्लास्टिक वितळू शकतं, म्हणून लांबून, हलके हात, आणि आधी स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्या) तुकड्यावर करून बघ. घरातल्या मोठ्यांना सांगून गच्चीत मार, तोंडाला मास्क लाव. ब्रश तोंडात घालून टोक करायची सवय लावून घेऊ नकोस, काही रंगद्रव्यं विषारी असतात.

पोस्टर कलरचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न (डोंबिवली): रशियन टी-३४ वर हिवाळ्यातला पांढरा कॅमो, अर्धा उडालेला, तो कसा करायचा? हिरव्या-पांढऱ्याच्या मधे हेअरस्प्रेचा थर देऊन जमत नाही, एकतर सगळा निघतो नाहीतर निघतच नाही.

हेअरस्प्रे मोठ्या मॉडेलवर छान चालतो, खेळायच्या छोट्या गाडीवर त्याला आवरणं अवघड जातं. पांढरा पोस्टर कलर घ्या. खरे क्रू चुना किंवा तसाच पाण्यात विरघळणारा पांढरा रंग हिरव्या गाडीवर फासायचे, तो घासून, पावसाने, बर्फ वितळून निघायचा, आणि पोस्टर कलर वाळल्यावरसुद्धा पाण्याने परत सुटतो, त्यामुळे तो अगदी तसाच वागतो.

आधी गाडी पूर्ण करा, हिरवा, वॉश, डिकल (चिकटवायचे नंबर-खुणा), सगळं. त्यावर सॅटिन किंवा ग्लॉस व्हार्निश आणि एक दिवस थांबा, हे चुकवायचं नाही, नाहीतर खालचा हिरवाही सुटेल. पोस्टर व्हाइटमध्ये कणभर बफ मिसळा, शुद्ध पांढरा टेबलावर खेळण्यासारखा दिसतो. जुन्या ब्रशने वरून खाली फटकारे मारत लावा, ब्रशच्या रेघा दिसल्या तर उत्तमच, तिथेही ब्रशनेच लावलेला असायचा. टरेटवरच्या नंबरभोवती चौकोन सोडून लावा, बऱ्याच फोटोंत नंबर झाकायचा नाही म्हणून तेवढी हिरवी जागा उघडी दिसते.

दहा-पंधरा मिनिटांनी ओलसर ब्रश, टपकणारा नको, आणि जिथे माणसं चढतात-उतरतात तिथे घासा: हॅचभोवती, फेंडरवर, ड्रायव्हरच्या झाकणापाशी, इंजिन डेकच्या कडांना. जास्त निघालं तर परत लावा, हवं तितक्या वेळा. मनासारखं झालं की ब्रशने व्हार्निश लावू नका, ब्रशचं पाणी पांढरा परत हलवेल. इथे मात्र स्प्रेच लागतो, त्यामुळे हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, कोरड्या दुपारी, दोन अगदी हलके हात.

प्रश्न (पिंपरी): १९७१ चे भारतीय सेंच्युरियन करायचेत, बसंतरची लढाई. खरा रणगाडा जवळून बघायला कुठे मिळेल?

अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम. १९९४ पासून आहे, आर्मर्ड कोअरचं, आणि तिथे सेंच्युरियन, विजयंता आणि दुसऱ्या महायुद्धातल्याही गाड्या बघायला मिळतात. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. बसंतरला १६ डिसेंबर १९७१ ला पूना हॉर्स रेजिमेंटचे अरुण खेत्रपाल यांनी ज्या सेंच्युरियनमधून शेवटपर्यंत लढा दिला त्या जातीची गाडी समोर उभी असते, आकाराने केवढी मोठी असते ते फोटोत कळत नाही.

रंगाची छटा मात्र म्युझियममधून घेऊ नका, उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीला वेळोवेळी नवीन रंग द्यावाच लागतो, आणि वर काँटरच्या बाबतीत तेच तर झालं होतं. तिथे बघायचं ते म्हणजे धूळ कुठे साठते, पाण्याचे ओघळ कुठून कुठे येतात, ट्रॅकच्या कड्या कुठे चकचकीत होतात आणि कुठे गंजतात, वेल्डिंगची रेघ किती जाड आहे. फोटो काढायला परवानगी आहे का ते आधी गेटवर विचारा, नसेल तर वही-पेन्सिल न्या आणि साइड स्कर्ट, टरेटच्या मागची टोपली, इंजिन डेक यांची चित्रं काढा. जमीन पंजाबच्या बाजूची, सपाट शेतीची, हिवाळ्यातली आहे तेव्हा बेसवर लाल माती नको, फिक्कट करडी-तपकिरी गाळाची माती आणि खुरटं पीक.